घरात कुणाला होता का?

उत्तर नागपुरातल्या एका अभ्यासिकेत आम्ही रविवारी दुपारी जमतो. स्पर्धा परीक्षेची पोरं खालच्या हॉलमध्ये, आम्ही वरच्या खोलीत. मे लागला होता. कूलरमध्ये पाणी टाकायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं आणि तो बिचारा नुसती गरम हवा खोलीभर फिरवत होता. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली फळ्यावर अर्धवट पुसलेलं पेशीचक्र, आणि टेबलापलीकडे आमचे पाहुणे. कॅन्सरवर आयुष्य काढलेला माणूस. सुट्टीच्या दिवशी, त्या उन्हात, स्वतःचं पेट्रोल जाळून आलेला. पीएच.डी.च्या मुलाखतींची तालीम चालली होती. एकेक पोर आत यायचं, बसायचं, घाम पुसायचं, प्रश्न झेलायचं. ती आली तेव्हा त्यांनी तिचा अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला. काटोल तालुका, वडील हयात नाहीत, आई शेतमजूर. मग चष्मा काढला आणि अगदी मायेनं विचारलं, "बेटा, कॅन्सरच का? घरात कुणाला होता का?"

"नाही सर," ती म्हणाली.

मी बाजूलाच बसले होते. तिच्या वडिलांच्या गालाचा कॅन्सर मला माहीत होता. ती बारावीला असताना ते गेले. दवाखान्याच्या आवारात, झाडाखाली, आईशेजारी डबा घेऊन बसून तिनं त्या वर्षीचं रसायनशास्त्र वाचलेलं. हे तिनंच मला कधीतरी, दुसरंच काही बोलता बोलता सांगितलं होतं. पाहुणे थोडा वेळ थांबले. अजून काही येईल असं त्यांना वाटत असावं. "मग?" "सर, साध्या पेशी बशीत वाढवल्या की एकमेकींना लागल्यावर थांबतात. कॅन्सरच्या थांबत नाहीत, एकीवर एक चढतात. हे थांबायचं त्यांना कोण सांगते आणि त्या ऐकत काहून नाहीत, ते मला पाहायचं आहे." त्यांनी मान हलवली, दोन-तीन प्रश्न अजून विचारले. ती गेल्यावर तिच्या कागदावर शेरा लिहिला: विषयाची जाण चांगली, प्रेरणा कमी वाटते.

तो कागद पुढे कितीतरी दिवस माझ्या पर्समध्ये होता.

संध्याकाळी कमाल चौकाकडे चालत गेलो. रसवंतीवर बर्फ न टाकलेला रस घेतला. (तिला बर्फ चालत नाही, मला तो घातल्याशिवाय उसाचा रस हा प्रकारच पटत नाही, पण त्या दिवशी मी मुकाट्यानं तिच्यासारखाच घेतला.) "नाही का म्हणालीस गं?" मी विचारलं. तिनं ग्लास खाली ठेवला. "मॅडम, माझ्या आधी जो गेला न, त्याले पी-५३ विचारलं. मले बाप विचारला." पी-५३ म्हणजे पेशींच्या बेसुमार वाढीला आवर घालणारं जनुक. माझ्याशी बोलताना ती एरवी जपून पुस्तकी मराठी बोलते, चिडली की काटोल बाहेर येतं. तिच्या आधी गेलेला मुलगा रामदासपेठेतला, आई-वडील दोघं डॉक्टर. त्याची आजी स्तनाच्या कॅन्सरनं गेली, हेही मला माहीत होतं. त्याला कुणी विचारलं नाही. त्याच्या अर्जात तसं काही शोधावं असं कुणाला वाटलंच नाही. त्याचं येणं आपोआप समजण्यासारखं होतं, हिचं येणं समजावून सांगावं लागत होतं.

मी नागपूरच्या सुखवस्तू धरमपेठेतली. दहावीच्या सुट्टीत घरात फार वटवट करते म्हणून आईनं मला काकांच्या ओळखीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नेऊन बसवलं. तिथं गाठीचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप निघताना पाहिले. पापुद्र्यांची लांब फीत कोमट पाण्यावर तरंगवायची आणि काचपट्टीनं अलगद उचलायची. झायलीनचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास. मग रंग चढायचा, केंद्रक जांभळं, बाकी सगळं गुलाबी. तोंडाच्या कॅन्सरमध्ये कधी कधी पेशी गोलात गोल अशा रचत जातात आणि मधोमध लालसर गुलाबी गोळा चमकतो. त्याला केराटिनचा मोती म्हणतात. मी पंधरा वर्षांची होते आणि मला तो मोती विलक्षण सुंदर वाटला. तो कुणाच्या तोंडातला, हे मी विचारलं नाही. मला कुणी सांगितलंही नाही. पुढे मुंबईला मुलाखतीत "हाच विषय का" असं विचारल्यावर मी खरं ते सांगितलं होतं, की मला स्लाइडी बघायला आवडतं. समोरचे तिघं हसले. त्यातले एक म्हणाले, ही टिकेल. बघायला आवडतं एवढंच माझं भांडवल होतं आणि ते पुरेसं मानलं गेलं. काटोलच्या पोरीनं जवळपास तेच सांगितलं, माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं, तर तिची प्रेरणा कमी पडली.

रविवारच्या बैठकीत कधीतरी कमल रणदिवे येतातच. कॅन्सरवर काम करायला निघालेल्या मराठी मुलीला त्यांचं नाव सांगितल्याशिवाय माझ्यानं राहवत नाही. १९१७चा जन्म, पुण्याच्या. भारतातली ऊतीसंवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, सुरुवातीची प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभी केली, उंदरांवर स्तनाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. पण ही गोष्ट मी आता पूर्वीसारखी सांगत नाही. पूर्वी जिद्दीवर जोर असायचा. आता मी हेही सांगते की त्यांचे वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत, आणि पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर खानोलकरांसारखा गुरू पाठीशी होता, ज्यांनी त्यांना "अमेरिकेत जाऊन शिकून ये" म्हटलं. जिद्द होतीच. पण दार कुठे आहे हे घरात माहीत होतं आणि ते ढकलायला सांगणारं माणूसही होतं. या पोरांना कमल रणदिव्यांची जिद्द सांगायची आणि वडील गाळायचे, हा मला अप्रामाणिकपणा वाटतो.

त्या अमेरिकेत गेल्या त्या बाल्टिमोरला, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. तिथंच १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या काळ्या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या, तिला न विचारता. ती त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेली, एकतीस वर्षांची. पेशी राहिल्या, जगभर गेल्या. घरच्यांना त्याचा पत्ता लागला तो १९७०च्या दशकात. तिच्याच नावावरून ओळखल्या जाणाऱ्या या हेला पेशी कुठल्याही लॅबच्या फ्रीझरमध्ये सापडतील. हेन्रिएटाचं बालपण व्हर्जिनियात तंबाखूच्या शेतात राबण्यात गेलं होतं, हे सांगितलं तेव्हा खोलीत एक मुलगा पटकन म्हणाला, "म्हणजे आपल्यासारख्यांच्या पेशी चालतात, आपण नाही चालत." मी त्याला काही बोलले नाही. वाक्य थोडं जास्त धारदार आहे, त्यानं ते बहुतेक आधीच तयार ठेवलं असावं. पण खोडायचं तर कुठून खोडायचं तेही मला सुचलं नाही. विदर्भातल्या किती गालांचे, किती जिभांचे तुकडे मेणात बसून कपाटांत पडले असतील! त्या तुकड्यांवर लिहिणाऱ्यांत त्या गावांची आडनावं किती?

आपल्याकडचा कॅन्सर पुस्तकातल्या कॅन्सरपेक्षा वेगळा दिसतो, हेही त्यातच आलं. पुस्तकात फुप्फुस असतं आणि सिगारेट असते. इथं पानठेला असतो. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, पन्नीत गुंडाळून फळीवर घासघासून घोटलेला खर्रा; तो आवाज नागपूरच्या माणसाला झोपेतही ओळखू येईल. लग्नात पाहुण्यांपुढे ताटलीत येतो, मयतीतही येतो. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत धूर काढणारे प्रौढ १०.७ टक्के होते आणि बिनधुराची तंबाखू खाणारे २१.४ टक्के, म्हणजे दुप्पट. गुटख्यावर राज्यात २०१२ला बंदी आली; खर्रा ठेल्यावर ताजा घोटून मिळतो, त्याला ना कंपनी ना पाकीट. भारतीय शास्त्रज्ञांनी हिरडी आणि गालाच्या कॅन्सरमधली जनुकं वाचून २०१३मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात पाच जनुकं अशी निघाली की जी या कॅन्सरमध्ये विशेष करून बिघडतात. जिथला आजार, तिथं शोधलं म्हणून सापडली.

आता बोर्डोचं, म्हणजे झाडांना लावायच्या त्या निळ्या बुरशीनाशकाचं सांगते. ते सांगायला हवंच.

सुपारीनं तोंड आखडतं, हे इथं लहान पोरालाही ठाऊक असतं. गालाच्या आतलं अस्तर पांढरट, चिवट होत जातं. तीन बोटं आत जायची तिथं एक जात नाही, मग तिखट लागलं की आग, मग वरण-भात कालवूनच. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलं. हे आखडणं होतं कसं, यावर एका रविवारी आम्ही एक शोधनिबंध वाचत होतो. सुपारीत तांबं भरपूर असतं. अस्तराला बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचे धागे एकमेकांना सांधणारं एक एन्झाइम आहे, लायसिल ऑक्सिडेज, त्याला काम करायला तांबं लागतं. तांबं वाढलं, सांधे वाढले, धागे विरघळेनासे झाले. मी फळ्यावर धागे काढत होते. ती मागून म्हणाली, "मॅडम, सुपारीत तांबं येते कुठून? मोरचूद मारतात का तिथं?"

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, हे मला एकदम समजलंच नाही. मग तिनं सांगितलं. पावसाळ्याच्या तोंडावर संत्र्याच्या बुंध्यांना बोर्डो लावायचं काम तिचे बाबा करत. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद वेगळं भिजवायचं, चुना वेगळा, धातूच्या भांड्यात नाही. मग दोन्ही एकत्र ओतायचं, निळं आभाळ बादलीत उतरतं. त्यात लोखंडी विळा बुडवून बघायचा. विळ्यावर लालसर तांबं चढलं तर चुना कमी पडला, अजून घालायचा. नाहीतर साल जळते. कमरेएवढ्या उंचीपर्यंत बुंधे रंगवायचे. हात निळे व्हायचे आणि त्याच हातानं खर्रा तोंडात जायचा. "तर सुपारीच्या झाडालेही बुरशी येत असन. तिथंही हेच मारत असतीन." तिचा तर्क बरोबर होता. कर्नाटकात पावसाळ्यात सुपारीला कोळेरोग येतो, फळं सडून गळतात, त्यावर बोर्डो मिश्रणाचीच फवारणी होते. आणि सुपारीतल्या तांब्याचा काही भाग तिथून येत असावा असा संशय अभ्यासकांनीही घेतलेला आहे. मी पीएच.डी. केलेली बाई, सुपारीवर वाचलेलं कमी नाही माझं, पण विळ्याची परीक्षा मला माहीत नव्हती. हा प्रश्न मला पडला नसता. मी कधी बुंधा रंगवला नाही.

पाहुण्यांनी तिला वडिलांबद्दल विचारलं तेव्हा त्यांना मरण ऐकायचं होतं. बोर्डो विचारलं असतं तर ती अर्धा तास बोलली असती, आणि वडील त्यात आपसूक आले असते, विळा हातात घेऊन.

अर्थात ज्याला सांगायचं आहे त्यानं सांगावं. आमच्यातल्याच कुरखेड्याकडच्या एका मुलानं खऱ्या मुलाखतीत मावशीच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची गोष्ट सांगितली. तालुक्यापर्यंत यायला बस नव्हती, तिथपासून. सांगताना त्याचा आवाजही हलला नाही. त्याची निवड झाली आणि त्याला त्यात काही विकल्यासारखं वाटलं नाही. "खरं आहे म्हणून सांगितलं मॅडम, त्यात काय." मी पाहुण्यांशीही नंतर फोनवर बोलले. ते दुखावले. "अहो, मी तिला हात देत होतो. कमिटीला असं काही असलं की लक्षात राहतं. चाळीस जण पेशी आवडतात म्हणतात." हेही खोटं नाही. मी स्वतः निवड समित्यांवर बसलेली आहे. दुपारी चारनंतर सगळे चेहरे एक होतात आणि मग गोष्ट असलेला चेहरा तेवढा उरतो. गोष्टीचा उपयोग होतो. माझी तक्रार एवढीच, की काहींकडे ती ऐच्छिक असते आणि काहींकडून ती वसूल केली जाते.

रविवारी आम्ही करतो काय, असं लोक विचारतात. फार थोर काही नाही. बहुतेक वेळ ई-मेलमध्ये जातो. "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम बिलाँगिंग टू अ पुअर फॅमिली" हे पहिलं वाक्य खोडून तिथं "तुमच्या निबंधातल्या तिसऱ्या आकृतीबद्दल मला एक प्रश्न आहे" हे लिहायला शिकवणं, याला महिना जातो. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहायचं असतं, त्यात लाज नसते, हे पटायला आणखी एक. मायक्रोपिपेट हातात धरायला मिळावी म्हणून कुठल्या कॉलेजच्या कुठल्या सरांना गळ घालायची ते माझं काम. द्रव ओढताना अंगठा पहिल्या टप्प्याला थांबवायचा, दुसऱ्यापर्यंत दाबायचा नाही, हे हातालाच कळावं लागतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं 'क्युअर' नावाचा उपक्रम चालवला, त्यात वंचित समाजांतली मुलं माध्यमिक शाळेपासून धरून थेट स्वतंत्र संशोधक होईपर्यंत सोबत करायची कल्पना होती. शाळेपासून! आमच्या पोरांच्या हातात पिपेट येते ती एम.एस्सी.ला, आणि तीही सहा जणांत एक, टिपा धुऊन परत वापरायच्या.

आणि पैसे. यावर कुणी लेख लिहीत नाही. २०२३पासून जेआरएफला, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीच्या संशोधन-शिष्यवृत्तीला, महिना ३७,००० रुपये आहेत, हे ऐकून पोरांचे डोळे चमकतात, मी त्यांना लगेच जमिनीवर आणते. पहिले काही महिने हातात काही येत नाही असं धरून चाला. कागद फिरतात. जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, रुजू अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्र. कुठलातरी एक नेहमी बाबूच्या टेबलावर झोपलेला असतो. धरमपेठेतलं पोर तेवढे महिने घरून मागवतं. इथलं पोर घरी पाठवायच्या तयारीत असतं. तिची आई मला एकदा भेटली, संत्र्याच्या तोडाईवरून थेट आली होती, ओच्यात माझ्यासाठी आंबिया बहाराची संत्री. "मॅडम, पोरगी शिकूनच राहिली. कमावन कधी?" मी पाच वर्षं म्हटलं. माऊलीनं बोटं मोजली नाहीत, काही नाही. "आजार शोधते म्हणे. मंग मास्तरीन होऊन लोकायले सांगन का, खर्रा खाऊ नका म्हणून?" मी म्हटलं, ते तर आत्ताही सांगते. "ते तर मीही सांगत होती यायच्या बापाले," ती म्हणाली आणि एक संत्रं सोलून माझ्यापुढे धरलं. मला तिला रेणू आणि एन्झाइम समजावून सांगायचं होतं. ते राहिलं. आम्ही संत्रं खाल्लं. आंबट होतं.

खऱ्या मुलाखतीला तिला कुणी घरचं विचारलं नाही. लायसिल ऑक्सिडेजवर सुरू झालं ते बोर्डोपर्यंत तिनंच नेलं, असं तिनं विदर्भ एक्सप्रेसमधून फोन करून सांगितलं; मध्ये रेंज जात होती, वर्ध्याच्या आसपास ती पूर्ण गेली. निवड झाली. अर्जातल्या "तुमची प्रेरणा" या चौकटीत काय लिहिलं होतंस, म्हणून मी विचारलं नाही. या लेखात मी तिचं नाव घालत नाहीये, आणि गावाच्या खुणाही बदलल्या आहेत. तिला हा लेख वाचून दाखवला. ती म्हणाली, बोर्डोचं प्रमाण बरोबर लिहिलं, बाकी तुम्ही फार लावून लिहिता.

हल्ली तिचे फोन येतात ते तक्रारींचे. खानावळीत भाजीत साखर घालतात. इन्क्युबेटरची पाळी रात्रीचीच मिळते. सुपारीचा अर्क टाकला की पेशी वाढवायच्या माध्यमाचा रंगच बदलतो, मग पेशींना काय झालं ते रंगावरून कसं मोजायचं? परवा रात्री साडेदहाला फोन: जर्नल क्लबमध्ये, म्हणजे शोधनिबंधांवरच्या चर्चेत, सीनियरनं एक निबंध मांडला, त्यात अर्क न टाकलेला, नुसता चुना टाकलेला गट ठेवलेलाच नव्हता. "मॅडम, चुन्यानंच झालं नसन कशावरून?" मी म्हटलं, मला काय सांगतेस, तिथं विचार. "विचारलं न. सगळे गप. मंग सर म्हणाले, पुढल्या आठवड्यात तूच मांड, त्यात हेही घे." आणि मग, माझं काही ऐकून न घेता, "मी आत्ता पीपीटी पाठवून राहिली. आजच पाहून द्या, उद्या नाही चालन."